हरलेल्या घोड्याचा वंश

घोड्यांच्या शर्यतीत जिंकणारा एक असतो आणि हरणारे अनेक. जिंकणाऱ्याचे पुढे काय होते ते सर्वांना ठाऊक असते. त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते, त्याच्या मालकाच्या हाती चषक येतो. हरणाऱ्यांचे पुढे काय झाले, याची चौकशी मैदानातून घरी परतणारा प्रेक्षक करीत नाही. मालकाला मात्र ती करावीच लागते. पाच वर्षांचा, अंगाने देखणा, उत्तम कुळात जन्मलेला आणि एकही मानाची शर्यत न जिंकलेला घोडा तबेल्यात उभा असतो. त्याचा दाणावैरण, मोतद्दाराचा पगार, नालबंदाचे पैसे हा खर्च महिन्यामागून महिना चालूच राहतो. अशा वेळी कोणीतरी हितचिंतक सल्ला देतो, ‘धावत नाही ना, मग पैदाशीला लावा!’ हा सल्ला शहाणपणाचा की केवळ सोयीचा?

‘खाण तशी माती’ ही म्हण प्रमाण मानली, तर उत्तर सोपे आहे. जो स्वतः धावू शकला नाही, त्याची शिंगरे काय धावणार? शर्यत ही परीक्षा आणि परीक्षेत नापास झालेल्याने वंश चालवू नये, असा हा न्याय. परंतु शर्यतीच्या घोड्यांचा इतिहास उघडला की या न्यायाला पहिल्याच काही पानांत ठेच लागते.

ज्यास थरोब्रेड म्हणतात तो घोडा इंग्लंडात सतराव्या-अठराव्या शतकांत घडला. पूर्वेकडून आणलेल्या तीन घोड्यांपर्यंत त्याची पितृपरंपरा जाऊन पोहोचते. त्यांपैकी एक डार्ली अरेबियन. तो १७०४ साली सीरियातील अलेप्पोहून इंग्लंडात आला. आजच्या थरोब्रेड नरांपैकी सुमारे ९५ टक्के नर पित्याच्या बाजूने याच घोड्याचे वंशज आहेत. त्याचा एक मुलगा फ्लाइंग चिल्डर्स. तो कधीही हरला नाही आणि त्या काळी त्याच्या वेगाच्या दंतकथा झाल्या. पण ही अफाट परंपरा जी चालली, ती या विजयी घोड्यामुळे नव्हे, तर त्याचा सख्खा भाऊ बार्टलेट्स चिल्डर्स याच्यामुळे. हा भाऊ शर्यतीत एकदाही उतरला नाही. जोराने धावविले की त्याला रक्तस्राव होई आणि म्हणून तो तबेल्यातच राहिला.

पुढची कथा याहून विलक्षण आहे. या न धावलेल्या घोड्याचा मुलगा स्क्वर्ट हा खुरांच्या दुखण्याने इतका जर्जर झाला, की त्याला गोळी घालावयाचे ठरले होते. एका मोतद्दाराने गयावया केली म्हणून तो वाचला, असे सांगतात. स्क्वर्टचा मुलगा मार्स्क. त्याने काही शर्यती जिंकल्या खऱ्या, पण स्नॅप नावाच्या घोड्याने त्यास १७५६ साली दोनदा हरविले आणि त्याचा दबदबा संपला. १७६५ मध्ये मालक ड्यूक ऑफ कंबरलँड वारल्यावर मार्स्क मातीमोलाने विकला गेला आणि अर्ध्या गिनीच्या मोबदल्यात रानातल्या तट्टाण्या त्याला दाखविल्या जाऊ लागल्या. मात्र आदल्याच वर्षी, १ एप्रिल १७६४ रोजी, सूर्यग्रहणाच्या दिवशी त्याच्यापासून एक शिंगरू जन्मले होते. ग्रहणावरूनच त्याचे नाव इक्लिप्स ठेवले गेले. इक्लिप्सची आई स्पिलेटा ही देखील शर्यतीत काही करून दाखवू शकली नव्हती. असे हे आईबाप. आणि मुलगा १७६९ व १७७० या दोन हंगामांत अठरा शर्यती धावला, त्यांत एकदाही हरला नाही. मुलाचे नाव झाल्यावर बापाचा भाव अर्ध्या गिनीवरून शंभर गिनींवर चढला. हाच मार्स्क, हेच त्याचे रक्त. बदलला होता तो केवळ लोकांचा अभिप्राय.

हा इतिहास ऐकून कोणा मालकाने उत्साहाने आपला हरलेला घोडा पैदाशीला लावावयाचे ठरविले, तर मात्र तो फसेल. अपयशी बापांना झालेली सामान्य शिंगरे शेकड्यांनी होऊन गेली असतील. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. एक इक्लिप्स झाला म्हणून तो लक्षात राहिला. शिवाय बार्टलेट्स चिल्डर्स हा कोणी अज्ञात कुळातला घोडा नव्हे. त्याच्या सख्ख्या भावाने त्या रक्ताची परीक्षा मैदानात दिलेली होती. तो मंद होता म्हणून नव्हे, तर आजारी होता म्हणून धावला नाही. तेव्हा खरा प्रश्न घोडा हरला की जिंकला हा नसून, तो कशामुळे हरला हा आहे.

यातही नराचा विचार वेगळा आणि मादीचा वेगळा. घोडीला अकरा महिने गर्भ वाहावा लागतो. तिला वर्षाकाठी फार तर एक शिंगरू होते. उलट एका नराला एका हंगामात शंभराहून अधिक घोड्या दाखविल्या जातात. थरोब्रेडच्या नोंदवहीत कृत्रिम रेतनाला मज्जाव आहे. तरीही एका नराचा दोष किंवा गुण एका पिढीत केवढा पसरतो, हे यावरून ध्यानात यावे. म्हणून नर थोडे लागतात व ते पारखून घेता येतात. घोड्या मात्र पुष्कळ लागतात, आणि केवळ विजयी घोड्याच ठेवावयाच्या म्हटले तर तबेले ओस पडतील. व्यवहारात हरलेल्या घोडीला जो न्याय लावतात, तो हरलेल्या घोड्याला लावीत नाहीत, याचे कारण हे आहे.

या न्यायाचे फळ अमेरिकेत दिसले. समथिंगरॉयल नावाची घोडी आयुष्यात एकदाच धावली आणि पहिल्या तिघांतही आली नाही. तिला १९७० साली झालेला मुलगा म्हणजे सेक्रेटेरिएट. १९७३ मध्ये त्याने बेलमाँटची शर्यत एकतीस घोड्यांच्या लांबीने जिंकली. साठ लाखांहून अधिक डॉलर मोजून त्याला पैदाशीसाठी घेण्यात आले. पण त्याच्या मुलांपैकी त्याच्या तोडीचा एकही निघाला नाही. विजेत्याचा वंश विजेताच असेल, हे गृहीत धरणाऱ्यांची येथे निराशा झाली. मात्र त्याच्या मुलींनी त्याचे नाव राखले. नॉर्दर्न डान्सरचा मुलगा रझीन याचे उदाहरणही असेच बोलके आहे. १९९० च्या एप्सम डर्बीत सर्वांत अधिक पैसे याच रझीनवर लागले होते आणि तो फार मागे राहिला. इंग्लंडच्या दृष्टीने हा घोडा संपला. पुढे तो हिंदुस्थानात हरियाणातील उषा स्टड या पैदास-केंद्रात आला, आणि अनेक हंगामांत येथील अव्वल जनक ठरला. महालक्ष्मीच्या मैदानावर ज्यांनी त्याच्या मुलामुलींवर पैसे लावले, त्यांना एप्समची ती दुपार आठवण्याचे कारण पडले नाही. 

शास्त्रज्ञ याविषयी सावधपणे बोलतात. एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये असा निष्कर्ष मांडला, की घोड्यांच्या आयुष्यभराच्या कमाईत जो फरक पडतो, त्यातील जेमतेम दहावा हिस्सा रक्तातून येतो. उरलेला शिक्षण, खुराक, जॉकी, मालकाची ऐपत यांमुळे. मग महागडा बाप निवडणारा श्रीमंत मालक बहुधा चांगला तबेलाही निवडतो, आणि श्रेय मात्र बापाला मिळते. घोड्यांच्या बाबतीतच हे घडते असे नाही.

म्हणून पराभवाच्या कारणांत विवेक करणे भाग आहे. शिक्षणात हयगय झाली, अंतर चुकीचे निवडले, खड्ड्यात पाय पडून जायबंदी झाला, अशा घोड्याचे रक्त दोषी नव्हे. त्याची भावंडे धावली असतील तर घोडीला संधी द्यावी आणि नराला प्रथम थोड्या घोड्या दाखवून पाहावे. पण हाडे ठिसूळ, श्वास घरघरणारा, वारंवार रक्त येणारे, असा घोडा कितीही थोर कुळातला असला तरी दूर ठेवावा. रक्तस्रावाची प्रवृत्ती काही अंशी वंशात उतरते, हे आता अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणजे ज्या बार्टलेट्स चिल्डर्समुळे हा वंश फोफावला, त्यास आजचा जाणता पारखी बहुधा नाकारील, आणि ते बरोबरच करील! आपल्याकडच्या जुन्या अश्वपरीक्षकांनी भोवऱ्यांच्या शुभाशुभात पुष्कळ वेळ दवडला. पण घोडा घेताना आधी खोड पाहावी, हा त्यांचा दंडक पक्का होता.

सर्वांत वाईट तो हिशेब, ज्यात घोडी पैदाशीला लागते ती केवळ तिचे दुसरे काय करावे हे सुचत नाही म्हणून. स्वस्त घोडी, स्वस्त घोडा आणि दोन वर्षांनी तबेल्यात आणखी एक तोंड. ते शिंगरू कोणाला हवे होते म्हणून जन्मलेले नसते. त्याचे आयुष्य मात्र वीस-पंचवीस वर्षांचे असते. अशी घोडी अश्वारोहण-शाळेला, राष्ट्रीय छात्रसेनेच्या अश्वपथकाला, शांत स्वभावाची असल्यास एखाद्या शिकाऊ मुलाला देणे, यात मालकाला पैसा थोडा मिळेल, पण तिला काम मिळेल. शर्यतीत हरलेली घोडी सर्वच कामांना नालायक झाली, अशी समजूत मैदानाबाहेर कोणाचीच नसते.

भारतात जन्मणाऱ्या थरोब्रेड शिंगरांची नोंद पुण्याच्या स्टड बुक कार्यालयात होते. आई कोण, बाप कोण, जन्म केव्हा, रंग कोणता, अंगावर खुणा कोणत्या, हे सारे तेथे लिहिले जाते. घोड्याने मैदान का सोडले, याचा मात्र एक रकाना अशा नोंदवह्यांतून जोडला गेला, तर घोडी दाखवावयास येणाऱ्या माणसाचे काम पुष्कळ सोपे होईल. अठराव्या शतकातल्या इंग्रजांनी ते वेगळ्या रीतीने साधले होते. बार्टलेट्स चिल्डर्सला त्यांनी सरळ ‘ब्लीडिंग चिल्डर्स’ म्हणजे ‘रक्तस्रावी चिल्डर्स’ असे टोपणनाव देऊन टाकले. त्याच्याकडे घोडी घेऊन जाणाऱ्याला त्याची व्याधी त्या नावावरूनच समजत असे.