गाठीचे चित्र आणि पुढचा अंदाज

कर्करोग-रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ज्याने कधी दोन-चार तास काढले आहेत, त्याला एक दृश्य खचित परिचयाचे असेल. बाकावर बसलेल्या रुग्णाच्या मांडीवर, किंवा बहुधा त्याच्या मुलाच्या हाती, सी.टी. स्कॅनच्या फिल्मांचे मोठे पाकीट असते. नंबर पुकारला जाईपर्यंत ते कितीदा तरी उघडले जाते, फिल्म खिडकीच्या उजेडासमोर धरली जाते, आणि त्या काळ्या-करड्या चौकटींतून काही उमगत नसतानाही घरची माणसे तिच्याकडे टक लावून पाहत राहतात. गाठ कोठे आहे हे त्यांना आधीच कळलेले असते. त्यांचा शोध चालू असतो तो पुढे काय होणार याचा.

हाच शोध गेली काही वर्षे शास्त्रज्ञांनीही आरंभिला आहे. फिल्मवरचा करडा ठिपका हा मुळात एक आकडा असतो. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले; पुढे त्यांच्याच नावाने रूढ झालेल्या मापनात पाण्याला शून्य व हवेला उणे १००० हे स्थान मिळाले, आणि शरीराचा प्रत्येक सूक्ष्म घनकण या मोजपट्टीवर बसू लागला. आपल्या डोळ्याला करड्या रंगाच्या थोड्याच छटा वेगळ्या कळतात, त्यामुळे या आकड्यांतील पुष्कळसा मजकूर न वाचताच राहतो. तो वाचण्याचे एक साधन आले ते अगदी अनपेक्षित दिशेने. विमानातून व उपग्रहावरून घेतलेल्या जमिनीच्या चित्रांचा पोत गणिताने कसा मोजावा, हे १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट हॅरलिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले होते. शेत आणि रान यांतील भेद सांगणारे ते गणित आता फुप्फुसातील गाठीला लावण्यात येऊ लागले.

त्यामागची कल्पना सयुक्तिक आहे. गाठ आतून एकजिनसी नसते; तिचा एखादा भाग रक्त न पोहोचल्याने मेलेला असतो, एखादा जोमाने वाढत असतो, आणि जेथे प्राणवायू कमी तेथे किरणोपचारही कमी लागू पडतात. तपासणीसाठी सुईने काढलेला तुकडा एका जागेची साक्ष देतो, चित्रात मात्र सगळी गाठ येते. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्टचे फिलिप लाम्बिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली या पद्धतीला ‘रेडिओमिक्स’ या नावाने वैद्यकापुढे मांडले, आणि २०१४ साली ह्यूगो आर्ट्स यांच्या नेतृत्वाखाली फुप्फुसाच्या आणि डोके-मानेच्या कर्करोगाच्या १०१९ रुग्णांच्या चित्रांतून ४४० गमके, म्हणजे आकड्यांत मांडता येणारी चित्राची लक्षणे, मोजून, त्यांतील चारांच्या आधारे रुग्णांच्या आयुर्मानाचा अंदाज बांधता येतो असे प्रसिद्ध करण्यात आले. गाठीचा पोत जितका विषम, तितके भवितव्य चिंताजनक, असा त्याचा इत्यर्थ होता.

पुढे जे घडले ते मला मूळ शोधाइतकेच मोलाचे वाटते. टोरंटो येथील संशोधकांनी २०१९ साली या निष्कर्षाची शहानिशा केली. त्यांनी गाठीची सीमारेषा जशीच्या तशी ठेविली आणि तिच्या आतील घनकणांचे आकडे पत्ते पिसावेत तसे पिसून टाकले. पोत म्हणून जे काही होते ते नाहीसे झाले, आणि तरीही अंदाज पूर्वीइतकाच बरोबर येत राहिला! मग पोताचा काय संबंध उरला? ‘ऊर्जा’ या नावाच्या एका गमकाचा हिशेब पाहिला म्हणजे उलगडा होतो : प्रत्येक घनकणाच्या आकड्याचा वर्ग करून त्यांची बेरीज घ्यावयाची, म्हणजे गाठ जितकी मोठी तितके घनकण अधिक आणि बेरीजही तितकीच मोठी. थोडक्यात, चित्राने जे सांगितले ते मुख्यतः गाठीचे आकारमान होते, आणि मोठी गाठ वाईट हे तर पूर्वापार ठाऊकच होते. या फेरतपासणीच्या निबंधावर स्वतः आर्ट्स यांचेही नाव आहे. आपल्याच निष्कर्षाची उलटतपासणी करण्यात सहभागी होणे ही शास्त्राची खरी इभ्रत आहे, असे मी मानतो.

याचा अर्थ हा मार्ग सोडून द्यावा असा नव्हे. गमके मोजण्याची पद्धत बदलली की आकडे बदलतात, हे ओळखून अनेक देशांतील पंचवीस संशोधक-गटांनी २०२० साली १६९ गमकांची व्याख्या व गणना एकसारखी करून दिली. आणि आता कोणी नवा अंदाज पुढे आणला, तर गाठीचे साधे माप घेऊन जे कळते त्याहून हा अधिक काय सांगतो, ही पृच्छा प्रथम केली जाते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. त्या १०१९ जणांपैकी बहुतेकांची चित्रे नेदरलँड्समधील होती, आणि त्यांतील डोके-मानेचे रुग्ण बहुतांशी घसा व स्वरयंत्र यांच्या कर्करोगाचे होते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात सोलापूर-जळगावाकडून येणाऱ्या माणसाची गाठ पुष्कळदा तंबाखूची गोळी जेथे वर्षानुवर्षे धरून ठेविली त्या गालाच्या आत असते. तेथला हिशेब येथे तसाच लागू करता येणार नाही. आपली चित्रे आपल्या दफ्तरांत आहेत, परंतु नुसत्या चित्रातून अंदाज शिकता येत नाही; त्या माणसाचे पुढे काय झाले हेही त्याच्या नोंदीत असावे लागते. उपचार संपवून तो गावी जातो, दुसऱ्या तपासणीला येतो, तिसऱ्याला येत नाही. मग रुग्णालयातील एखादी समाजसेविका जुन्या कागदावरचा नंबर शोधून फोन लावते, पलीकडून सून बोलते, आणि ही बाई हलक्या आवाजात विचारते, “आजोबा कसे आहेत?” आणि जे उत्तर येईल ते तारखेसह वहीत लिहून ठेवते.