घाट चढणारी बेबी ऑस्टिन

जुन्या मोटारीतून घाट चढण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना हा अनुभव नवा नाही. इंजिन धापा टाकू लागते, ड्रायव्हर पहिला गिअर घालतो, आणि तरीही गाडी पुढे सरकेना म्हटल्यावर मागे वळून सांगतो, "मंडळी, जरा खाली उतरा बघू." चार माणसे उतरतात. गाडी तीच, इंजिन तेच, चढही तोच. पण गाडी चालू लागते! आज मी ज्या उद्योगाविषयी बोलणार आहे, त्याचे निम्मेअधिक शास्त्र या 'खाली उतरा'मध्ये आले. जुनी, लहानशी मोटार घ्यायची आणि घरच्या घरी, आपल्या हातांनी तिची चढाच्या शर्यतीची गाडी बनवायची, असा हा उद्योग. इंग्लंडातल्या बेताच्या मिळकतीच्या तरुणांनी तो पिढ्यान् पिढ्या केला.

या शर्यतीत गाड्या एकमेकींशी भिडत नाहीत. एका वेळी एकच गाडी सुटते, टेकडीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत जाते, आणि तिला किती सेकंद लागले ते टिपून घेतात. वूस्टरशर परगण्यात शेल्सली वॉल्श नावाचे ठिकाण आहे. तिथे 1905 सालापासून अशा शर्यती होत आल्या. रस्ता अवघा 1000 यार्डांचा, म्हणजे 914 मीटर. पण तेवढ्यात गाडी सुमारे 100 मीटर उंच चढते.

आता थोडे गणित करू. कागद-पेन्सिल लागणार नाही. माणसासकट 500 किलोची गाडी 100 मीटर उचलायची आहे. एक अश्वशक्ती म्हणजे दर सेकंदाला 75 किलो वजन एक मीटर वर उचलण्याची ताकद. तुमच्या इंजिनात अशा 20 अश्वशक्ती असतील, तर नुसते ते वजन उचलण्यातच 33 सेकंद गेले. वेग घेणे, वाऱ्याशी झगडणे हा हिशेब वेगळाच. आता गाडीतून 100 किलो काढून टाका. 33 चे 27 सेकंद झाले. इंजिनाला हात न लावता सहा सेकंद मिळाले! जिथे अर्ध्या सेकंदावर हार-जीत ठरते, तिथे ही कमाई केवढी मोठी, ते मी सांगायला नको.

अशा कामाला सर्वांत सोयीची गाडी ठरली ती ऑस्टिन सेव्हन. आपल्याकडे तिला 'बेबी ऑस्टिन' म्हणत. 1922 मध्ये ती बाजारात आली. हर्बर्ट ऑस्टिन यांनी तिचे आराखडे आपल्या घरातल्या बिल्यर्डच्या खोलीत, स्टॅन्ली एज नावाच्या अठरा वर्षांच्या आरेखकाला हाताशी धरून करून घेतले. इंजिन चार सिलिंडरचे, पण सगळे मिळून 747 घन सेंटिमीटर, म्हणजे पाण्याच्या लहान तांब्याएवढे. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर सव्वासहा फूट. गाडी 1939 पर्यंत निघत राहिली. त्यामुळे पुढे मोडीच्या दुकानांत तिचे सुटे भाग मुबलक आणि स्वस्त मिळत. गरिबाची शर्यत सुरू होते ती तिथून.

काम करायला बसलात तर पहिला मोह होतो इंजिन उघडण्याचा. तो आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी पान्हा घेऊन वरचे सगळे उतरवा: टप, दारे, मडगार्ड, दिवे, मागची बैठक. खाली उरतो इंग्रजी ए अक्षराच्या आकाराचा पोलादी सांगाडा. त्यावर एका माणसापुरते, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे अरुंद अंग चढवायचे. पाटे थोडे सपाट करून गाडी जमिनीलगत आणायची, म्हणजे वळणावर ती कलंडत नाही. मग इंजिन. हेडचा सपाट भाग घासून आतला दाब वाढवायचा, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक घालायच्या, जमल्यास दुसरा कार्बोरेटर बसवायचा.

आणि इथे सावध राहायचे. या इंजिनाचा क्रँकशाफ्ट बराच काळ फक्त दोन टोकांच्या बेअरिंगांवर फिरत असे. मधे आधार नाही. 1936 मध्ये तिसरे बेअरिंग आले. वेग फार वाढला की तो शाफ्ट दोरीउडीच्या दोरीसारखा मधे फुगू पाहतो, आणि एक दिवस मोडतो. महिन्यामहिन्याची शिल्लक अशी एका आवाजासरशी गेल्यावर कितीतरी पोरे पुन्हा वजनाच्या हिशेबाकडे वळली असतील. ब्रेकही या गाडीचे यथातथाच. चढावर ते खपून जाते, कारण टेकडीच गाडीला थांबवायला मदत करते. पण माथ्यावरची रेघ ओलांडल्यावर थांबायचे असते, हे विसरू नये.

वजनाचा हा हिशेब कुणी शेवटापर्यंत नेला असेल, तर तो ॲलेक इसिगोनिस यांनी. स्मर्ना शहरात जन्मलेला हा मुलगा निर्वासित होऊन आईबरोबर इंग्लंडला आला. इंजिनिअरिंगच्या शिक्षणात गणिताच्या परीक्षेत तो तीनदा नापास झाला. पुढे नोकरी सांभाळून, जॉर्ज डाउसन या मित्राच्या साथीने त्यांनी एक गाडी बांधायला घेतली. इंजिन ऑस्टिन सेव्हनचे. पण खालचा सांगाडा त्यांनी काढूनच टाकला! प्लायवूडच्या फळ्यांना दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम चिकटवले आणि त्या फळ्यांनाच गाडीची ताकद केले. पोलादी पाट्यांच्या जागी रबर वापरले. विजेची यंत्रे जवळ नव्हती. करवत, कानस आणि हातांनी फिरवायची हत्यारे. चार-पाच वर्षे सुट्टीचे दिवस आणि संध्याकाळी त्यात गेल्या. चारचौघे सिनेमाला जात असताना एकाच कंसाला सहाव्यांदा कानस मारत बसणे सोपे नसते. 1938 मध्ये गाडी पुरी झाली. वजन भरले सहाशे पौंडांच्या आत, म्हणजे 270 किलोच्या आसपास. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, आणि पाच वर्षांच्या कष्टांचे ते फळ गुंडाळून ठेवावे लागले. युद्धानंतर ती गाडी पुन्हा चढांवर धावली. 1959 मध्ये याच इसिगोनिस यांची 'मिनी' मोटार निघाली, तेव्हा तिच्या चाकांवरही रबरच होते.

आता न्यूझीलंडमधला एक मुलगा. ब्रूस मॅक्लारेन त्याचे नाव. नवव्या वर्षी त्याला खुब्याच्या हाडाचा आजार जडला आणि सुमारे दोन वर्षे रुग्णालयात गेली. डावा पाय आखूड राहिला. वडिलांचे ऑकलंडला मोटारदुरुस्तीचे दुकान होते. त्यांनी 1929 सालची एक ऑस्टिन सेव्हन विकत आणली. गाडी कसली, सुट्या भागांचा ढीगच! दुरुस्त करून विकावी असा त्यांचा बेत होता. मुलाने ती विकू दिली नाही. बापलेकांनी मिळून ती जोडली. मग घराच्या परसात तो इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फेरे मारत गाडी शिकला. 1952 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, म्युरिवायच्या चढाच्या शर्यतीत तो तीच गाडी घेऊन उभा राहिला. क्लच दाबायचा असतो डाव्या पायाने. त्याने तो दाबला, आणि गाडी चढाला लागली.