मुकल्ल्याचें सिंहासन आणि मराठवाड्याचा वसूल

गंगाखेडहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पालम लागतें. परभणी जिल्ह्यांतील हें तालुक्याचें गांव. अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका राज्याच्या उभारणीस आपल्या पूर्वजांच्या सारापट्टीचा हातभार लागला होता, असें येथील एखाद्या शेतकऱ्यास सांगितलें, तर तो तें थट्टेवारीच नेईल. परंतु या विधानांत अतिशयोक्ति थोडी आणि इतिहास पुष्कळ आहे.

तें राज्य म्हणजे हद्रमौत प्रांतांतील कुऐती सुलतानांचें राज्य. मुकल्ला ही त्याची राजधानी, आणि शिहर हें दुसरें बंदर. आंत शिबामसारखीं मातीच्या उंच घरांचीं नगरें. बाकी मुलूख बहुतेक रुक्ष. पीक थोडें, माणसें धाडशी. अशा देशांतील तरुणांनीं पोटासाठीं परदेशची वाट धरावी, हें ओघानेंच आलें. कोणी जावाकडे गेले, कोणी आफ्रिकेकडे, आणि ज्यांना तलवार चालवितां येत होती ते हिंदुस्थानांत आले.

मराठ्यांच्या फौजांतही अरब होते. नागपुरास 1817 सालीं सीताबर्डीच्या लढाईनंतर शहर सोडावयास ते लवकर तयार झाले नाहींत, हें प्रसिद्धच आहे. मराठी राज्य बुडालें, तेव्हां या शिपायांस मोठा आश्रय उरला तो निजामाचा. हैदराबादेस त्यांचें बस्तान असें बसलें कीं अरब जमादार केवळ शिपायांचा नायक राहिला नाहीं. तो सावकार झाला. दिवाणाला पैशाची नड पडली कीं जमादारानें कर्ज द्यावें, आणि कर्जाच्या फेडीसाठीं एखाद्या मुलुखाचा वसूल त्याच्या हवालीं व्हावा, असा प्रघात पडला. शहरांत या जमादारांचे स्वतःचे बंदिखाने होते. ऋणको तेथें डांबला जाई. राज्य कोणाचें, हा प्रश्न विचारावयाचा तर उत्तर सोपें नव्हतें. शिक्का निजामाचा, पण वसूल ज्याच्या हातीं सत्ता त्याची.

या जमादारांत उमर बिन अवद हा कुऐती कुळांतील पुरुष होता. त्यानें निजामाच्या चाकरींत अमाप द्रव्य मिळविलें, आणि त्या द्रव्याचा ओघ मायदेशाकडे वळविला. मौज अशी कीं, त्याचे हद्रमौतमधील प्रतिस्पर्धी, कसीरी आणि औलकी घराण्यांचे सरदार, हेही हैदराबादचेच जमादार होते. म्हणजे तिकडील वाळवंटांत जीं युद्धें पेटलीं, त्यांत दोन्हीं बाजूंचें इंधन दख्खनमधून जात होतें. अखेर कुऐतींची सरशी झाली. मुकल्ला 1881 सालीं त्यांच्या हातीं आलें, आणि 1888 सालीं इंग्रजांनीं तह करून हें राज्य आपल्या संरक्षणाखालीं घेतलें.

आतां या राज्याची घडण पाहावी. सुलतान हा सर्वाधिकारी; कायदा शरीयतेचा, आणि त्याच्या जोडीला टोळ्यांचा परंपरागत रिवाज. मुख्य उत्पन्न बंदरांतील जकातीचें. परंतु सुलतान बहुधा हैदराबादेसच राहत. तेथें त्यांना नबाबी किताब होता, जहागीर होती, हवेली होती. मुकल्ल्याचा कारभार वजिरानें पाहावा आणि धन्यानें तो मुसा नदीच्या कांठीं बसून ऐकावा, असा हा चमत्कारिक राज्यकारभार पुष्कळ वर्षें चालला. प्रजेचा राजा परदेशीं आणि राजाची तिजोरीही बव्हंशीं परदेशीं, असें उदाहरण विरळाच सांपडेल.

सुलतान सालिह बिन गालिब 1936 सालीं गादीवर आला. तो विद्वान होता, ग्रंथांचा व्यासंगी होता. त्यानें 1937 सालीं इंग्रजांशीं नवा करार केला आणि त्यांचा सल्लागार मुकल्ल्यास राहूं लागला. हॅरल्ड इंग्रॅम्स हें त्या गृहस्थाचें नांव. त्याच्या खटपटीनें शेंकडों टोळीप्रमुखांनीं आपसांतील वैर तहकूब ठेवण्याचें मान्य केलें. राज्याचे ‘लिवा’ नांवाचे प्रांत पाडले गेले. प्रत्येकावर एक नाइब, त्याच्या हाताखालीं कायम नांवाचे अंमलदार. निजामी मुलुखांत 1865 च्या जिलाबंदीनें सुभेदार, अव्वल तालुकदार आणि तहसीलदार यांची जी उतरंड रचली गेली, तिची आठवण येथें सहज व्हावी. (या तालुकदाराकडे तालुका नसे, जिल्हा असे, नांवावरून फसूं नये.) सालारजंगानें 1853 पासून दिवाणगिरी करतांना अरबांकडे गहाण पडलेला वसूल सोडवून घेतला, तेव्हांच हैदराबादेंत खरें सरकार निर्माण झालें. मुकल्ल्यास तें काम पाऊणशें वर्षांनीं झालें, आणि तेंही परक्याच्या सल्ल्यानें.

दोन्हीं राज्यांत एक साम्य मात्र शेवटपर्यंत टिकलें. हैदराबादेस 1919 पासून मंत्रिमंडळ होतें, कायदे करणारी कौन्सिल त्याच्याही आधींपासून होती. मुकल्ल्यास राज्यमंडळ होतें. पण या सभांना विचारण्याचा अधिकार होता, नाकारण्याचा नव्हता. पालमच्या कुळाला अर्ज करावयाचा तर तो उर्दूंत लिहवून घ्यावा लागे, म्हणजे गाऱ्हाण्याला प्रथम दुभाष्या शोधावा लागे. मुकल्ल्यांत 1950 सालीं लोक राजवाड्यासमोर जमले. मुख्य कारभारी परका सुदानी नको, आपल्या देशाचा असावा, एवढीच त्यांची मागणी. तिचें उत्तर बंदुकीनें देण्यांत आलें. ज्या घराण्यानें परदेशांतील चाकरींत भाग्य मिळविलें, त्याच्याच प्रजेनें परक्या चाकराविरुद्ध ओरड करावी, यांतील विसंगति सुलतानाच्या ध्यानांत आली कीं नाहीं कोण जाणे.

तोंवर दख्खनचा झरा आटला होता. भारतीय सैन्यापुढें निजामानें 17 सप्टेंबर 1948 रोजीं शरणागति पत्करली, आणि पुढील वर्षीं जहागिऱ्या नष्ट झाल्या. पुष्कळ अरबांना त्यांच्या देशीं परत पाठविण्यांत आलें. त्यांतील कित्येकांचा जन्म हिंदुस्थानांत झालेला, आई दख्खनी, अरबी बोली मोडकीतोडकी. अशांना ‘आपला देश’ म्हणून जो किनारा दाखविण्यांत आला, तो त्यांनीं पूर्वीं पाहिलाही नव्हता. जे राहिले त्यांचे वंशज परभणी, नांदेड, औरंगाबाद या भागांत ‘चाऊस’ या आडनांवानें ओळखले जातात. चाऊस हें मुळांत फौजेंतील हुद्द्याचें नांव. फौज गेली, हुद्दा गेला, आडनांव तेवढें राहिलें.

मुकल्ल्याची गादी आणखी कांहीं वर्षें टिकली. अवघ्या विशीच्या आंतबाहेरचा सुलतान गालिब 1966 सालीं तिच्यावर बसला. पुढल्याच वर्षीं तो परदेशांतून समुद्रमार्गें परतला, तों राजधानी क्रांतिकारकांच्या हातीं गेलेली. त्याला किनाऱ्यावर उतरूं देण्यांत आलें नाहीं. तो दिवस 17 सप्टेंबर 1967 चा होता. मराठवाड्यांत या तारखेस मुक्तिदिन पाळला जातो.