तिथी पाहून डुमसला या

दिवाळीची सुट्टी लागली की जळगाव-धुळ्याकडची कितीतरी मंडळी आमच्या सुरतेला उतरतात. कुणाचा काका उधन्याला, कुणाची मावशी लिंबायतला. साड्या घ्यायच्या, घारी खायची आणि शेवटच्या संध्याकाळी डुमसचा किनारा. तिथं टोमॅटोची भजी हाणली, उंटावर बसून फोटो काढला, आणि परतताना कुरकुर: "समुद्र कुठंय? नुसता चिखल!"

अहो, ओहोटीला आलात तर चिखलच दिसणार. मी तर म्हणतो, तोच पाहायला या. पण तिथी पाहून या.

डुमससमोरचं खंबायतचं आखात म्हणजे नरसाळं. आत शिरलेल्या पाण्याला जागा पुरत नाही, म्हणून ते उंच चढतं. भावनगरकडे उधाणाला दहा मीटरपर्यंत. डुमसला तेवढं नाही, पण किनारा सपाट, त्यामुळे ओहोटीला पाणी लांबवर मागं सरतं आणि मग भरतो आठवडे बाजार!

खरंच बाजार. खेकडा बिळाच्या तोंडाशी आपला एकच मोठा आकडा हलवत गिऱ्हाईक बोलावल्यासारखा उभा. निवटी मासा चिखलावर टणाटण उड्या मारत फिरतो. अंग ओलं असलं की कातडीतूनही श्वास घेतो. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले पक्षी म्हणजे बाहेरगावची गिऱ्हाइकं. आखूड चोचीचा चिखल्या वरवरचा माल उचलतो, तुतवार जरा खालचा, आणि लांब वाकड्या चोचीचा कर्ल्यू थेट तळघरातल्या गोदामात हात घालतो. एकाच जागी सगळ्यांची खरेदी, तरी भांडण कमी. पाणी फिरलं की बाजार उठला.

वाळू काळी का, याची भुताची गोष्ट नातेवाईक सांगतीलच. ती ऐका आणि सोडून द्या. मुलताईला उगम पावलेली आपली तापी भुसावळवरून, काळ्या बेसाल्टच्या मुलखातून इथं येते. तो काळा कातळच ती दळून आणते. 1972 मध्ये तिच्यावर उकाईचं धरण पुरं झालं, तेव्हापासून बराच गाळ तिथंच अडतो.

तर तिथी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण: पाणी सर्वांत लांब जातं आणि तितक्याच जोरानं परत येतं. अष्टमीच्या आसपास भांग: चढउतार कमी. लेकरं बरोबर असतील तर भांगाचे दिवस धरा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते, म्हणून शेजाऱ्यानं परवा सांगितलेली वेळ आज चालत नाही. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशोबही इथं जुळत नाही. आखातात पाणी उशिरा चढतं. त्या दिवसाची वेळ तिथल्या कोळ्याला विचारा.

एक सांगतो, कारण दर वर्षी कुणीतरी विसरतंच: चिखल काठावरून पाहायचा. वरून वाळलेला दिसला तरी आत पाय गुडघ्यापर्यंत जातो. आणि गाडी खाली नेऊन मिरवू नका. ती रुतते, भरती थांबत नाही, आणि मग ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. गाडी वर डांबरी रस्त्यालाच लावा.