चार ठिकाणे आणि एक वही

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर आधीचे वक्ते बोलले. आम्ही आज चार ठिकाणांच्या आठवणी सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, याला आत्ताच म्हातारपण आले. तसे नाही. या आठवणींतून शेवटी एक काम निघते, ते तुमच्या अंगावर टाकायचे आहे.

पहिले ठिकाण आमचे गाव, यवतमाळ जिल्ह्यातले. आठ एकर कोरडवाहू. त्यात तीन एकर नाल्याकाठची काळी, पाच एकर टेकाडावरची बरड. बाप काळ्या रानात पऱ्हाटी लावी, मधून तुरीचे तास धरी. बरडात ज्वारी. पावसाने पंधरा दिवस दडी मारली की टेकाडावरचे पीक आधी मान टाकते, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पण ज्वारीत ताण सोसायची ताकद. दाणे थोडे आले तरी बैलांपुरता कडबा व्हायचा.

दुसरे ठिकाण अकोला. १९९८ साली आम्ही शेतकीच्या पदवीसाठी तिथे गेलो. यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत शकुंतला रेल्वेने. ११३ किलोमीटरची ही अरुंद रुळांची वाट इंग्रजांच्या काळात वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी टाकली होती. आम्ही बसलो तेव्हा गाडीत कापूस नव्हता, तिकीट स्वस्त म्हणून बसलेली आमच्यासारखी माणसे होती. आता ती गाडीही बंद आहे. अकोल्यात पुस्तकात वाचले : कपाशीला मध्यम ते भारी जमीन हवी. परीक्षेत तेच लिहिले, गुण मिळवले. घरची पाच एकर बरड त्या वाक्यात बसत नाही, हे काही डोक्यात आले नाही.

तिसरे ठिकाण मंगळवेढा, जिल्हा सोलापूर. शिकत असताना सहलीला गेलो होतो. जानेवारी महिना, आणि नजर पोचेल तिथवर मालदांडी ज्वारी उभी. ही एम-३५-१ मोहोळला निवड करून काढलेली. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, आणि मग जमिनीत मुरलेल्या ओलीवरच काढायची. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला कोळपे दाखवले. म्हणाला, "भुई भेगाळली की ओल उडून जाते. म्हणून तीनदा कोळपतो, भेगा बुजवतो. हेच आमचं पाणी." पुढे २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे त्या मातीचे आणि त्या पिकाचे नाते सरकारी कागदावर चढले. त्या म्हाताऱ्याला ते कधीचेच ठाऊक होते.

आम्ही मात्र ते विसरलो. २००२ साली पदवी हाती आली. त्याच वर्षी देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बियाणे-औषधांच्या धंद्यात आम्ही नोकरी धरली. मोटारसायकलवरून गावोगाव सल्ला देत हिंडलो. सल्ला एकच. काळ्या रानाला तोच, बरडालाही तोच. २००४ साली आमच्या शब्दावर बापाने टेकाडावरची ज्वारी बंद करून कपाशी लावली. पावसाने ताण दिला. पाते, फुले गळून पडली. बियाण्याचे पैसे उधारीचे, आणि घरात कडब्याची पेंढी नाही. दिवाळीनंतर बैलजोडी बाजारात गेली. बाप आम्हाला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

तरी आम्ही नोकरी सोडली नाही, हेही सांगितले पाहिजे. ती सोडली चौथ्या ठिकाणी, २०१७ साली, यवतमाळच्या दवाखान्यात. त्या हंगामात पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. फवारणी करताना औषध तोंडावर, अंगावर येत होते. एका पंपात दोन-तीन औषधे मिसळलेली. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-मजूर विषबाधेने गेले. त्याच साली बीटीला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली. खाटेवरच्या एका माणसाने आम्हाला ओळखले. "साहेब, तुम्ही आमच्या गावात आले होते," एवढेच म्हणाला. त्या महिन्यात नोकरीचा कागद परत केला.

आता काम. प्रत्येक गावाने एक वही घाला. शेताचे नाव लिहा. पहारीने खणून माती किती हात खोल, ते लिहा. पाऊस कधी आला, खंड किती दिवसांचा पडला, कोणत्या पिकाने कितव्या दिवशी मान टाकली, ते लिहा. खर्च किती, घरात काय आले, तेही लिहा. निंदणी-वेचणीला जाणाऱ्या बायांना विचारून लिहा. प्रत्येक तास त्यांच्या डोळ्याखालून जातो.

उद्या कोणी आमच्यासारखा पदवीवाला सल्ला द्यायला आला की त्याच्यापुढे ही वही ठेवा आणि विचारा, यातल्या कोणत्या रानासाठी सांगतोस? त्याला नाव सांगता आले तर त्याला चहा पाजा आणि पुढचे ऐका. नाही सांगता आले तर आधी त्याला टेकाडावर घेऊन जा.

पुढच्या बैठकीला येताना वह्या सोबत आणा. आमची आठ एकराची वही आम्ही आजच आणली आहे, ती इथे टेबलावर ठेवतो.