पाठीवर घर घेण्यापूर्वी

(सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या भनपुरी येथील सभेत केलेले भाषण)



ह्या व्याख्यानमालेसाठी आम्हांस विषय विचारण्यात आला तेव्हा आम्ही 'पिकअप गाडीची निवड' असे सांगितले. कार्यकारिणीतील काही मंडळींना हसू आले. संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत ह्यांच्या पंगतीत मालवाहू गाडीचे पान मांडावे, हे चमत्कारिक वाटण्यासारखेच आहे. परंतु आजची सभा भनपुरीत आहे. बाहेर बिलासपूर रस्त्यावर अष्टौप्रहर ट्रक धावत आहेत, आणि ह्या वस्तीत गाडीची गोष्ट कोणास परकी वाटू नये. शिवाय आमचा प्रश्न मुळात गाडीचा नव्हताच. तो गावी जाण्याचा होता, आणि तो प्रश्न ह्या मंडळातील प्रत्येक घराचा आहे.

आमचे मूळ गाव अचलपूरकडचे. १९५६ पर्यंत रायपूर आणि वऱ्हाड एकाच प्रांतात होते व दोहोंची राजधानी नागपूर होती; त्यामुळे हा प्रवास आमच्या वाडवडिलांना परदेशचा वाटला नाही. आता तो आम्हांला जड जाऊ लागला. आमच्या आईंनी ऐंशी ओलांडली आहे. गुडघे वाकत नाहीत, आणि वाटेतील प्रसाधनगृहे कशी असतात हे आपणांस सांगावयास नको. अक्षय्य तृतीयेला गावी जावयाचे म्हणजे आई आदल्या दिवसापासून पाणी पिणे सोडीत. भर वैशाखात! दोन वर्षांपूर्वी भंडाऱ्याच्या अलीकडे त्यांना घेरी आली, तेव्हा कुठे हे गुपित आम्हां उभयतांच्या ध्यानी आले. ह्यावर उपाय शोधताना पाठीवर घर वाहणाऱ्या गाडीचा विचार पुढे आला.

ही कल्पना थोडक्यात अशी. एरवी कचेरीस व बाजारात नेण्याची पिकअप गाडी. प्रवासाच्या वेळी तिच्या हौद्यात एक लहानशी खोली सरकवून बसवावयाची. परत आल्यावर ती खोली चार पायांवर अंगणात उभी करून ठेवावयाची. अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे. १९६० साली कादंबरीकार जॉन स्टाइनबेक ह्यांनी जीएमसी पिकअपवर असेच घर चढविले आणि चार्ली नावाच्या कुत्र्यासह देशाटन केले. डॉन किहोटेच्या घोड्यावरून त्यांनी गाडीस 'रोसिनांते' हे नाव दिले होते. आपल्याकडेही चाकांवरचा संसार अगदीच अपरिचित नाही. आषाढी वारीत दिंडीबरोबर तंबू, शिधा आणि वळकट्या वाहून नेणारा ट्रक असतोच.

मात्र एका शब्दाने फसू नये. आपल्या बाजारात महिंद्रच्या बोलेरोचा 'कॅम्पर' हा प्रकार मिळतो. त्याचा अर्थ निजावयाची खोली असा नसून पुढे आसनांच्या दोन रांगा व मागे हौदा असलेली गाडी एवढाच आहे.

आम्हीही इतरांप्रमाणे प्रथम दालनात गेलो. तेथे एक उंची, देखणी पिकअप होती. इंजिन बलवान, आसने गुबगुबीत. ज्या कारागिराकडून खोली बांधून घ्यावयाची होती, तो म्हणाला, "साहेब, ही एक टन सहज उचलेल." आम्ही बयाणा देण्याच्या बेतात होतो. सुदैवाने वाहतुकीच्या धंद्यात आयुष्य घालविलेले आपल्या मंडळातील एक सभासद भेटले. त्यांनी आम्हांस एक कागद व पेन्सिल दिली आणि म्हणाले, "आधी ओझे लिहा, गाडी मागाहून."

आजच्या भाषणाचे सार ह्या एका वाक्यात आहे. बाकीचा केवळ विस्तार.

मालवाहू गाडीच्या नोंदणीपत्रात दोन आकडे असतात : रिकामे वजन आणि भारासह कमाल वजन. दुसऱ्यातून पहिले वजा केले की आपल्या वाट्याचे ओझे कळते. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे रिकाम्या वजनात चालकाचे वजन धरलेले नसते. म्हणजे आपण स्वतःदेखील ओझ्यातच मोडतो. इंजिन किती ओढते हा प्रश्नच वेगळा आहे. ओढण्याची ताकद इंजिनाची. वाहण्याची ताकद चेसी, पाटे, ॲक्सल, ब्रेक व टायर ह्यांची. त्या उंची गाडीच्या कागदावर ही वजाबाकी ५०० किलोंच्याही आत आली.

आता आमच्या कागदावरील ओझे ऐका. लोखंडी सांगाडा व प्लायवूडची खोली ४२० किलो. पाणी १०० लिटर, म्हणजे १०० किलो. इन्व्हर्टरची बॅटरी ५५. गॅस व शेगडी २०. गाद्या, कपडे, भांडी, शिधा व आईंची कमोडची खुर्ची मिळून १२०. जॅक व हत्यारे ३५. बेरीज ७५० झाली. त्यात आम्ही उभयतां, आई व चिरंजीव अशी चार माणसे, सरासरी ६५ प्रमाणे २६० किलो. एकूण १,०१० किलो! दालनातील गाडी दुप्पट ओझ्याखाली चालली असती. आम्ही नंतर पाहिलेल्या साध्या, कामकरी, दोन रांगांच्या गाडीची वजाबाकी ९५० होती. तीही ६० किलोंनी अपुरी पडली.

"मग एका रांगेची, अधिक भार वाहणारी गाडी का घेतली नाही?" असे कोणी विचारील. कारण माणसे पुढेच बसावयास हवीत. गाडी चालू असताना मागच्या खोलीत कोणीही बसता कामा नये, आईंसारख्या वृद्धांनी तर नाहीच. खोली मुक्कामाच्या व विसाव्याच्या वेळेसाठी आहे. दोन रांगांच्या गाडीचा हौदा आखूड असतो हा मात्र तिचा दोष. खोली मागे लोंबू लागली की तिचा भार मागील ॲक्सलच्याही पाठीमागे जातो. मग पुढची चाके हलकी पडतात आणि सुकाणू हातात राहत नाही. म्हणून पाणी व बॅटरी ह्यांसारख्या जड वस्तू खाली आणि पुढे, आसनांच्या पाठीशी ठेवाव्यात.

सारे सामान चढवून, सर्व माणसे बसवून गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावी. प्रथम पूर्ण गाडी, मग केवळ मागील चाके काट्यावर घेऊन वजन करावे. टायरच्या कुशीवर भाराचा निर्देशांक छापलेला असतो. १०० ह्या निर्देशांकाचा अर्थ एका टायरवर ८०० किलो. मागील दोन टायरांनी मिळून जेवढे पेलावयाचे, त्याहून काट्यावरचा आकडा पुरेसा कमी असला पाहिजे. भनपुरीत राहून वजनकाटा सापडत नाही, ही सबब कोणी सांगू नये!

कायद्याकडेही लक्ष हवे. मर्यादेबाहेर भार नेल्यास २०१९ च्या दुरुस्तीपासून २०,००० रुपये दंड आहे, शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. भार बाजूंना किंवा मागे-पुढे परवानगीपलीकडे बाहेर निघाला तरी २०,००० रुपये दंड आहेच. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यास कलम ५२ आड येते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे लागू केले. म्हणून चेसीवर काहीही वेल्ड करू नये. खोली काढता-घालता येणारी असावी, आणि तरीही परिवहन कार्यालयास व विमा कंपनीस आधी लेखी विचारावे. तोंडी होकारावर विसंबू नये. एक दिलासा असा की, ७,५०० किलोंपर्यंतच्या मालवाहू गाडीस हलक्या मोटारीचा परवाना पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निःसंदिग्ध केले आहे.

आता रोजच्या वापराविषयी. वर्षातून दहा दिवस खोली वाहणारी गाडी उरलेले ३५५ दिवस रिकामी धावणार, हे विसरू नये. टनभर ओझ्यासाठी बसविलेले पाटे रिकामेपणी ताठ राहतात; गाडी उसळते, आणि पावसात मागील चाके घसरतात. आईंना आम्ही पाठीमागच्या रांगेत बसवून, खड्ड्यांच्या रस्त्याने अर्धा तास फिरवून मगच होकार दिला. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी जाळी असते. ती स्वच्छ राहण्यास इंजिन चांगले तापावे लागते. घर ते कचेरी एवढ्या दोन-चार किलोमीटरांवरच गाडी फिरत राहिली, तर ती जाळी तुंबते. आम्ही म्हणून आठवड्यातून एकदा तिला मोकळ्या रस्त्यावर लांब नेऊन आणतो.

आमच्या आजोबांच्या दारी ओझ्यासाठी बंडी आणि माणसांसाठी दमणी अशी दोन वाहने होती. दमणीत कोणी कापूस भरीत नसे आणि बंडीतून सासुरवाशीण माहेरी येत नसे. आपण आज एकाच गाडीकडून दोन्ही कामांची अपेक्षा करतो. ती पुरी होऊ शकते, परंतु त्यासाठी ओझ्याने थोडे नमते घ्यावे लागते.

आम्ही गाडी मोठी केली नाही. घर लहान केले. लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमचा सांगाडा, वर उचलता येणारे कापडी छत. खोली २२० किलोंत बसली. पाणी ४० लिटर. दिव्यापंख्यापुरती १५ किलोंची बॅटरी. गॅस वगळला, कारण तो हवेहून जड असल्याने गळला तर बंद खोलीत तळाशी साचतो. सामान ८०, हत्यारे ३५. माणसांसह बेरीज ६५० झाली. ९५० पैकी ३०० किलो शिल्लक राहिले. सौभाग्यवतींना वाटेत ताजा स्वयंपाक करावयाचा होता. त्यांनी दशम्यांवर समाधान मानले. आम्हांला लिहिण्यासाठी मेज हवे होते, ते गेले. एक निजावयाची जागा आणि आडोशामागे आईंची खुर्ची, एवढेच राहिले. विचार केला तर आम्ही निघालो होतो तेही तेवढ्यासाठीच.

यंदा अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी पहाटे आम्ही निघालो. राजनांदगावच्या पुढे एकदा, साकोलीजवळ एकदा, नागपूरच्या अलीकडे एकदा गाडी सावलीत थांबविली. पहाटे निघताना मात्र आईंनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायले. त्यांनी काही म्हटले नाही, आम्हीही काही म्हटले नाही.

मंडळींनो, ज्यांस अशी गाडी घ्यावयाची असेल त्यांनी दालनात जाण्याआधी घरच्या माणसांसह बसावे आणि आपले ओझे कागदावर लिहावे. कशासाठी निघालो आहोत हे त्या कागदावर सर्वांत वर असावे. गाडी मग आपोआप ठरते.