पावसाचा हिशेब बायकांच्या वहीत
(पाणीप्रश्नावरील महिला शिबिरात केलेलं भाषण)



पाण्यावर बोलायचं म्हटलं की आपण डोक्यावरच्या हंड्यापासून सुरुवात करतो. आज मला हंड्याच्या आधीचं बोलायचं आहे. पडलेला पाऊस जातो कुठे?

आमच्या गावात दर उन्हाळ्यात टँकर यायचा. ग्रामसभेत विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘पाऊसच पडला नाही, त्याला कोण काय करणार?’ आम्ही गप्प बसायचो. आमच्याकडे आकडा नव्हता. मग ठरवलं, आपणच मोजायचं.

शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसवला. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. त्या वर्षी ५०० मिलिमीटर झाला. आमचं शिवार १००० हेक्टरचं. म्हणजे ५०० कोटी लिटर पाणी पडलं! फळ्यावर हिशेब मांडला तेव्हा एक आजी म्हणाल्या, ‘अगं बाई, मग गेलं कुठं एवढं?’

काही ऊन-वाऱ्यानं उडालं, काही पिकांनी प्यालं. वाहून किती जातं ते बघायला आम्ही ओढ्यावर गेलो. काठावर १० मीटर अंतरानं दोन खुंट्या ठोकल्या होत्या. पात्राची रुंदी उन्हाळ्यातच मोजली होती, खोलीसाठी खुणांची काठी रोवली होती. जोराच्या पावसात वरून नारळ सोडला. रुंदी २ मीटर, खोली सरासरी ३० सेंटिमीटर, नारळाला १० सेकंद लागले. वरचं पाणी तळच्यापेक्षा वेगानं पळतं, म्हणून ८० टक्केच धरायचं. उत्तर आलं सेकंदाला ४८० लिटर. तासाला सतरा लाखांच्या वर! आणि पाणी तांबडं होतं. उघड्या डोंगरावरची मातीही चालली होती.

तिसरं माप विहिरींचं. गाठी मारलेला दोर सोडून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर पावसाळ्याआधी आणि नंतर मोजलं. पाणी सरासरी २ मीटर चढलं होतं. पण आपला खडक बसाल्ट. त्यात पाणी राहतं ते भेगांत आणि मुरमात, शंभरात साधारण दोन भाग. म्हणजे खरं मुरलं ४० मिलिमीटर, पावसाच्या ८ टक्के. झिजलेल्या बसाल्टसाठी सरकारी अंदाजातही ७ टक्क्यांच्या आसपासच धरतात.

तरी ते झाले ४० कोटी लिटर. गावात माणसं दोन हजार. माणशी रोज ५५ लिटर धरलं तर वर्षाला लागतात सुमारे ४ कोटी. मुरलेल्यातलं काही झऱ्यांनी ओढ्याला जातं, काही गुराढोरांना लागतं, ते सोडा. तरीही टँकर का? मार्चमध्ये आमची विहीर कोरडी पडली तेव्हा शेजारचा ऊस हिरवागार होता आणि बोअर चालू होती.

हे आकडे ग्रामसभेत वाचले तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘तुम्हाला मोजायला कोणी सांगितलं?’ आकडा खोटा आहे असं मात्र कोणी म्हणालं नाही.

बायांनो, १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून भूजल जमिनीला बांधलेलं आहे. ज्याची जमीन, त्यानं उपसावं. सातबाऱ्यावर आपलं नाव नाही, म्हणून पाणी भरणाऱ्या बाईला पाण्यावर हक्क नाही. पण पाऊस सातबारा बघून पडत नाही, आणि खडकाखालच्या पाण्याला बांध नसतात. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं पाणी जमिनीवर नव्हे, माणसांवर वाटलं. भूमिहीनांनाही वाटा दिला. म्हणजे वाटणी बदलता येते.

आमचा ऊस अजून बंद झालेला नाही. पण डोंगरावर समतल चर खोदले गेले, आणि पिण्याच्या विहिरीजवळची दोन बोअर उन्हाळ्यात बंद ठेवायचा ठराव झाला. तो पाळला जातो की नाही, हे आम्ही दर आठवड्याला दोर सोडून बघतो.

तुम्हीही घरी गेल्यावर एक दोर, एक काठी आणि एक वही घ्या. चर खोदायला आपल्याला बोलावतात, हिशेबाला बोलावत नाहीत. न बोलावता जायचं, आणि जाताना वही बरोबर न्यायची.